औषधनिर्मात्याचे शिक्षण आणि कौशल्याचा बिल्ला

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या एका मेळाव्यात शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, आरोग्य कर्मचारी आणि औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणावर बोलण्यासाठी माझ्यासारखा कला शाखेचा पदवीधर उभा राहतो, तेव्हा त्याने आरंभीच आपला अधिकार कोणता हे सांगणे उचित ठरते. मी औषधे तयार करीत नाही, विकत नाही आणि ती कशी तयार करावीत हे शिकवीतही नाही. माहिती अधिकारी या नात्याने एखादी गोष्ट तज्ज्ञांकडून समजून घ्यावी आणि ती सर्वांना कळेल अशा शब्दांत मांडावी, एवढेच माझे काम. परंतु आणखी एक अधिकार मला आहे आणि तो तुम्हा सर्वांनाही आहे. तो म्हणजे औषधाच्या दुकानाच्या फळीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचा अधिकार. त्याच अधिकाराने मी आज बोलणार आहे.

माझ्या आत्याला गेली अनेक वर्षे दम्याचा विकार आहे. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला श्वासावाटे घ्यावयाचे औषध लिहून दिले. एका लहानशा कॅप्सूलमध्ये पूड असते, ती कॅप्सूल एका साधनात घालावयाची आणि पूड श्वासाबरोबर आत ओढावयाची, अशी ती रीत. दुकानदाराने चिठ्ठी पाहिली, कॅप्सूलची डबी व ते साधन पिशवीत घातले आणि पैसे घेतले. आत्याने घरी येऊन साधन फडताळात ठेवले आणि कॅप्सूल पाण्याबरोबर गिळण्यास आरंभ केला. तीन आठवडे ती त्या गिळत होती. “या गोळ्यांचा गुण येत नाही,” ही तिची तक्रार आम्हीही रोज ऐकत होतो. पण गोळी कशी घेतेस, हे आम्हा घरच्यांपैकी कोणीही तिला विचारले नाही.

डबी संपली तेव्हा ती दुसऱ्या एका दुकानात गेली. तेथे नुकतीच पदविका घेतलेली एक मुलगी होती. तिने डबी हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, “आजी, हे औषध तुम्ही कसं घेता ते मला दाखवा पाहू.” आत्याने पाण्याचा पेला मागितला आणि सारा उलगडा झाला. त्या मुलीने साधन उघडून दाखविले, आधी श्वास बाहेर सोडावयास लावला, मग जोराने आत ओढावयास, मग दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरावयास. शेवटी चूळ भरावयास सांगितले आणि हे सारे आत्याकडून पुन्हा एकदा करवून घेतले. या सर्वाला पाच मिनिटेही लागली नसतील.

त्या दोन्ही दुकानांच्या भिंतींवर नोंदणीचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. दोन्ही प्रमाणपत्रे खरी होती. मग फरक कोठे पडला? मी त्या मुलीला नंतर विचारले. ती म्हणाली, “आमच्या बाईंनी वर्गातल्या प्रत्येकाकडून हे करवून घेतलं होतं. चुकलं की पुन्हा. जमल्याशिवाय त्या सोडत नसत.” म्हणजे भिंतीवरचे प्रमाणपत्र जे सांगत नव्हते, ते एका शिक्षिकेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून खात्री करून घेतले होते. आजचा माझा विषय एवढाच आहे. अशी खात्री प्रत्येक औषधनिर्मात्याच्या बाबतीत करून घेता येईल काय, आणि घेतली तर तिची नोंद कशी ठेवावी?

पदविका एकदाच, औषधे मात्र नित्य नवी

आपल्या देशात औषधव्यवसायाला शिस्त लावण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९३० साली सर रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमण्यात आली. १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक महादेवलाल श्रॉफ यांच्या प्रयत्नांनी या विषयाच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया घातला गेला. १९४० साली औषधांविषयीचा कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, फार्मसी कायदा संमत झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावे, हे बंधन त्या कायद्याच्या ४२ व्या कलमाने घातले आहे. भिंतीवरील प्रमाणपत्राला जे मोल आहे, ते या कलमामुळे.

हे प्रमाणपत्र मिळविण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे दोन वर्षांची पदविका आणि त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. अभ्यासक्रमाचे नियम १९९१ साली ठरले, ते २०२० साली नव्याने करण्यात आले. पदविकेनंतरच्या एक्झिट परीक्षेचे नियम २०२२ साली आले आणि ती परीक्षा पहिल्यांदा ऑक्टोबर २०२४ मध्ये घेण्यात आली. शिक्षणाचा दर्जा उंचावण्याच्या दृष्टीने हे सर्व स्वागतार्ह आहे.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पदविका मनुष्य वयाच्या विशीत घेतो आणि दुकानात उभा राहतो तो पुढची तीस-चाळीस वर्षे. १९९५ साली पदविका घेतलेल्या एखाद्या औषधनिर्मात्याचे उदाहरण घ्या. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला २०१० साली. अनेक प्रभावी प्रतिजैविके आणि क्षयरोगावरील औषधे ‘एच-१’ या अनुसूचीत येऊन, ती कोणाला व किती दिली याची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन आले १ मार्च २०१४ पासून. क्षयरोगाची औषधे घेणाऱ्या रुग्णांची माहिती शासनाला कळविण्याची जबाबदारी औषधविक्रेत्यांवर आली २०१८ साली. इन्शुलिनची नवी पेने आली, श्वासावाटे घेण्याची नवी साधने आली. यांपैकी एकही गोष्ट त्याच्या वर्गातील फळ्यावर लिहिली गेली नव्हती; आणि तरीही या प्रत्येक गोष्टीसाठी आपण त्याच्यावरच विसंबून आहोत.

ही उणीव शासनाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी औषधनिर्मात्याचे कर्तव्य केवळ पुडी बांधून देण्यापुरते ठेवलेले नाही. औषध कोणते, किती, केव्हा, किती दिवस आणि कसे घ्यावयाचे, ते कोठे ठेवावयाचे, एखादी मात्रा चुकली तर काय करावयाचे, हे रुग्णाला समजावून सांगणे त्यात अंतर्भूत आहे. नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी पाच वर्षांत किमान एकेक दिवसाचे दोन उजळणी वर्ग करावेत, अशीही तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. पण पाच वर्षांत दोन दिवस, सभागृहात शेकडो जण आणि व्यासपीठावर वक्ता एक, अशा वर्गात कोणाला काय करता येऊ लागले हे कोण पाहणार? हजेरी लागली हे नक्की. हातात कौशल्य आले की नाही, हे अनिश्चितच राहते.

बिल्ला म्हणजे काय?

या ठिकाणी अलीकडे चर्चेत असलेल्या दोन कल्पना उपयोगी पडण्याजोग्या आहेत. त्यांतील पहिली मायक्रो-क्रेडेन्शियल, म्हणजे सूक्ष्म प्रमाणपत्र. संपूर्ण पदवीऐवजी एखाद्याच नेमक्या कौशल्याचा छोटा अभ्यासक्रम, त्याची परीक्षा आणि त्याचे प्रमाणपत्र, असा तिचा अर्थ. या शब्दाची सर्वमान्य व्याख्या ठरविण्याच्या दृष्टीने युनेस्कोने २०२२ साली एक अहवाल प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी युरोपीय संघाच्या परिषदेनेही आपल्या सदस्य देशांना याविषयी शिफारस केली.

दुसरी कल्पना डिजिटल बॅजची. बॅजला आपल्याकडे बिल्ला हा जुना आणि सुटसुटीत शब्द आहे. रेल्वे स्थानकावरील हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला असतो. आपले सामान त्याच्या डोक्यावर देताना आपण त्याचे नाव विचारीत नाही, पण बिल्ल्यावरचा क्रमांक पाहून ठेवतो. का? कारण त्या क्रमांकामागे कोठेतरी एक नोंदवही आहे आणि त्या नोंदवहीत या माणसाचे नाव-गाव आहे, हा आपला विश्वास असतो. पितळेला किंमत नसते. किंमत असते ती नोंदवहीला.

डिजिटल बिल्ल्याची रचना अशीच आहे. वर वर पाहता ते एक लहानसे चित्र असते. मात्र त्या चित्रातच माहिती गुंफलेली असते: बिल्ला कोणी दिला, कोणाला दिला, कोणत्या तारखेला दिला, तो मिळविण्यासाठी काय करून दाखवावे लागले, त्याचा पुरावा काय आणि त्याची मुदत केव्हा संपते. पाहणाऱ्याला ही माहिती मोबाइलवर उघडून पडताळता येते. अशा ‘ओपन बॅज’ची कल्पना २०११ साली मोझिला फाउंडेशनने मॅकआर्थर फाउंडेशनच्या साहाय्याने पुढे आणली.

येथे बसलेल्या शिक्षकांना ही कल्पना नवीन वाटण्याचे कारण नाही. आपल्या शाळांतील स्काउट आणि गाइड मुलामुलींच्या गणवेशावर प्रावीण्याची चिन्हे असतात. प्रथमोपचाराचे चिन्ह मिळवावयाचे तर जखमेला पट्टी बांधून दाखवावी लागते. पट्टी कशी बांधावी यावर निबंध लिहून ते मिळत नाही. प्रगतिपुस्तकाचे काम निराळे आणि या चिन्हाचे काम निराळे. सूक्ष्म प्रमाणपत्राचे आणि पदविकेचे नाते नेमके असेच असावयास हवे.

आपल्या देशात यासाठी लागणारी यंत्रणाही आकार घेत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची, म्हणजे श्रेयांकांच्या पेढीची, व्यवस्था केली. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय, उच्च आणि व्यवसाय शिक्षण एका सूत्रात आणले असून ३० तासांच्या अध्ययनास एक श्रेयांक, असे प्रमाण ठरविले आहे. विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात. थोडक्यात, नोंदवही तयार आहे. तिच्यात काय लिहावयाचे, हा प्रश्न उरतो.

अमेरिकेतील एक उदाहरण

छोट्या, नेमक्या प्रशिक्षणातून काय साधते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील औषधनिर्मात्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९६ साली लसीकरणाचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. तो सुमारे २० तासांचा असतो. त्यात स्वतः वाचून करावयाचा अभ्यास आहे, तज्ज्ञांबरोबरचा वर्ग आहे, परीक्षा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परीक्षकासमोर प्रत्यक्ष टोचून दाखविल्यावाचून प्रमाणपत्र मिळत नाही. २००९ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांनी औषधनिर्मात्यांना लस टोचण्याची मुभा दिली. पुढे कोविडच्या साथीत तेथे असंख्य लोकांनी आपल्या वस्तीतील औषधाच्या दुकानातच लस घेतली, त्यामागे ही पंचवीस वर्षांची तयारी होती.

या उदाहरणातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, तेथे कोणी पदवी मोडीत काढली नाही. पदवीधारकाला एक नेमके कौशल्य वर दिले. दुसरा असा की, केवळ प्रमाणपत्राने अधिकार मिळाला नाही. तो प्रत्येक राज्याच्या कायद्याने दिला. आपल्याकडेही हे स्पष्ट असावयास हवे. उद्या कोणी आठ बिल्ले दाखवून दुकानात उभा राहू लागला, तर तो औषधनिर्माता ठरत नाही. नोंदणीचा अधिकार फार्मसी कौन्सिलचाच आहे आणि तो तिच्याकडेच राहिला पाहिजे.

हजेरीची प्रमाणपत्रे

आता या कल्पनेतील धोक्याविषयी बोलतो, आणि त्यासाठी दाखला स्वतःचाच देतो. २०२० साली टाळेबंदीच्या काळात घरोघरी वेबिनारचे पेव फुटले होते. मीही अनेक वेबिनारना ‘उपस्थित’ राहिलो. कॅमेरा बंद, आवाज बंद, एकीकडे भाजी निवडणे चाललेले; आणि शेवटी एक अर्ज भरला की रंगीत किनारीचे प्रमाणपत्र संगणकावर हजर. त्या काळातील माझी एकवीस प्रमाणपत्रे आजही जपलेली आहेत. त्यांतील एका विषयावर दहा मिनिटे बोलण्यास कोणी मला उभे केले, तर माझी पंचाईत होईल.

माझ्या त्या अज्ञानाने कोणाचे नुकसान झाले नाही. औषधनिर्मात्याच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येणार नाही. सांधेदुखीच्या काही रुग्णांना मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतली गेली, तर जिवावर बेतू शकते. अशा औषधाची चिठ्ठी समोर आली असता थांबावे, वार विचारावा, तो ठळक अक्षरांत पाकिटावर लिहावा आणि रुग्णाकडून वदवून घ्यावा, हे कौशल्य हजेरीने येत नाही. ज्या बिल्ल्यामागे केवळ हजेरी आहे, तो बिल्ला नसण्यापेक्षा वाईट. कारण तो पाहून आपण निश्चिंत होतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणात बिल्ले जरूर यावेत, परंतु प्रत्येक बिल्ल्यामागे कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेले एक काम असावे.

चांगला बिल्ला कसा असावा?

माझ्या आत्याच्या प्रकरणातीलच कौशल्य घेऊ: श्वासावाटे घ्यावयाचे औषध रुग्णाला शिकविणे. त्याच्या सूक्ष्म प्रमाणपत्राची आखणी कशी करता येईल? दम्याविषयीचे वाचन आणि निरनिराळ्या साधनांची ओळख विद्यार्थ्याने घरी, मोबाइलवर करावी. त्यानंतर महाविद्यालयात औषध नसलेली, सरावासाठीची साधने हाताळावीत. मग परीक्षा. समोर पुस्तक वा प्रश्नपत्रिका नसावी. अनोळखी माणूस असावा, शक्य तर वयस्क आणि कमी शिकलेला. विद्यार्थ्याने त्याला मराठीत, त्याला समजेल अशा बोलीत शिकवावे. परीक्षकाच्या हाती टप्प्यांची यादी असावी: कसे घेता ते आधी विचारले काय, श्वास बाहेर सोडावयास सांगितले काय, रोखून धरावयास लावले काय, चूळ भरण्याची आठवण केली काय, आणि शेवटी रुग्णाकडून पुन्हा करवून घेतले काय. एकही महत्त्वाचा टप्पा सुटला, तर बिल्ला नाही. पुन्हा सराव, पुन्हा परीक्षा. बिल्ल्याला मुदत असावी आणि ती संपल्यावर पुन्हा एकदा करून दाखवावे लागावे.

याच धर्तीवर आणखी कितीतरी कौशल्ये घेता येतील. इन्शुलिन दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात कसे साठवावे व घरापर्यंत कसे न्यावे, बालकांच्या औषधाच्या कोरड्या पुडीत पाणी नेमक्या खुणेपर्यंत कसे मिसळावे, ‘एच-१’ची नोंदवही कशी ठेवावी, औषधाचा दुष्परिणाम आढळल्यास तो कसा कळवावा, अशी ही कामे आहेत. प्रत्येक काम लहान. पण प्रत्येकापाशी कोणाचे तरी आरोग्य अडलेले.

हे करताना दोन पथ्ये पाळावी लागतील. पहिले पथ्य खर्चाचे. पदविकेला येणारी बरीचशी मुले शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या घरांतील असतात. प्रत्येक बिल्ल्याला वेगळे शुल्क लावले, तर हे बिल्ले कौशल्याची खूण न राहता ऐपतीची खूण होतील. दुसरे पथ्य शिक्षकांचे. साठ मुलांची परीक्षा एकेकाला समोर बसवून घ्यावयाची, तर वेळ आणि माणसे लागणार. तो वेळ शिक्षकाच्या कामाच्या तासांत धरला नाही, तर परीक्षा पुन्हा कागदावर जाईल आणि बिल्ला पुन्हा हजेरीचा होईल.

आपण काय करू शकतो?

आपण विचाराल, यात पंचायत सदस्याचा आणि शाळामास्तरांचा संबंध काय? संबंध निकटचा आहे. गावात डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत असेल, पण औषधाचे दुकान रोज उघडते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकाऱ्याच्या खिडकीपुढे रोज रांग लागते. त्यांच्या प्रशिक्षणाचा विषय जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे येईल, तेव्हा “किती जण उपस्थित होते?” एवढेच विचारून थांबू नका. “किती जणांनी काय करून दाखविले, आणि ते कोणी पाहिले?” असे विचारा. या एका प्रश्नाने प्रशिक्षणाचे रूप पालटेल.

शिक्षकांना माझी विनंती अशी की, मुलांना औषधाच्या दुकानात विचारावयाचे तीन प्रश्न शिकवावेत: हे औषध कसे घ्यावयाचे, किती दिवस घ्यावयाचे, आणि एखादी वेळ चुकली तर काय करावयाचे. घरातील म्हाताऱ्या माणसांचे औषध आणावयास पुष्कळदा हीच मुले जातात.

आणि येथे उपस्थित असलेल्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगावयाचे आहे. २०१५ च्या विनियमांप्रमाणे तुम्हाला पांढरा अंगरखा आणि त्यावर आपले नाव व नोंदणी क्रमांक असलेला बिल्ला लावावयाचा आहे. तो अभिमानाने लावा. त्याच्या जोडीला उद्या मोबाइलमध्ये दहा डिजिटल बिल्ले जमा होतील, तेही जरूर मिळवा. मात्र प्रत्येक बिल्ला घेताना स्वतःला विचारा, की हे काम मी समोरच्या माणसाकडून आत्ता, या क्षणी, बरोबर करवून घेऊ शकेन काय?

माझी आत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे. कॅप्सूल साधनात घालून, दहा आकडे मोठ्याने मोजता येत नाहीत म्हणून बोटांवर मोजून, ती रोज औषध घेते. ज्या मुलीने ते शिकविले, तिचे नाव आत्याला ठाऊक नाही, नोंदणी क्रमांक तर नाहीच. “ती दाखवा म्हणणारी मुलगी,” एवढीच तिची ओळख आत्याच्या लेखी आहे. अशी ओळख प्रत्येक गावातील प्रत्येक औषधनिर्मात्याला लाभावी, ही माझी इच्छा आहे.